कोपऱ्याला लावलेलं कुंकू

पार्सल परत आलं तेव्हा माझा वर्षाचा केयूर नुकताच झोपला होता. काशीतल्या आमच्या दूधविनायकच्या गल्लीत कुरियरवाला घंटी वाजवत नाही, खालूनच हाळी देतो, आणि त्या हाळीने केयूर दचकून उठतो. म्हणून दुपारी एक ते अडीच मी खिडकीशी बसते. माझं भाषांतराचं काम होतं तेही तेवढ्याच वेळात. मी वरूनच तोंडावर बोट ठेवलं आणि अनवाणी जिना उतरले.

खोका हातात आल्यावर पाठवणाऱ्याचं नाव वाचायची गरज पडली नाही. ऑगस्टमध्ये आम्ही पाठवलेला खोका दोन जुन्या खोक्यांचे पुठ्ठे जोडून केलेला होता आणि ओबी विणणाऱ्या बदरुद्दीन चाचांनी त्यावर हात जाईल तिथे टेप मारली होती. हा पांढराशुभ्र होता. आत तोक्योच्या त्या दुकानाचा कागद, तिरकस घड्या घालून बांधलेला, आणि सगळ्याला मिळून एकच चिकटपट्टी, तीही करंगळीच्या नखाएवढी.

तो कागद मी ओळखत होते. अकरा वर्षांपूर्वी युनिव्हर्सिटीच्या शिष्यवृत्तीवर मी एक वर्ष तोक्योत होते. तेव्हा त्या दुकानात जाऊन मी एक रुमाल घेतला होता, फक्त एक, कारण तेवढाच परवडत होता. तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी किमोनोचं कापड विकणारी ती पेढी, आता तिचे आठ मजले झाले आहेत. माझ्या आईपेक्षा मोठ्या एका बाईने तो रुमाल असा बांधून दिला, जणू मी कुणाच्या लग्नाला निघाले होते. बांधता बांधता दुकानात एक धून सुरू झाली आणि तिने लगेच माझ्या कागदी पिशवीवर प्लास्टिकचं आवरण चढवलं. मी विचारलं तर म्हणाली, बाहेर पाऊस सुरू झालाय. मजल्याला खिडकी नव्हती. ती धून त्याचसाठी होती, आत बांधत बसलेल्या बायकांना कळावं म्हणून. मला आठवतंय, वसतिगृहात पोचेपर्यंत त्या आवरणावर पाणी निथळत होतं आणि आतला कागद कोरडा ठणठणीत होता. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. केयूर झाल्यावर त्याचं पहिलं जावळ त्यातच गुंडाळून ठेवलं.

आता परत केलेली वस्तूही त्यांनी तशीच बांधली होती.

मी चिकटपट्टी नखाने सोडवली. आत चाचांचा ओबी होता. ओबी म्हणजे किमोनोवर कमरेला बांधायचा पट्टा, वीतभराहून थोडा रुंद आणि साडेचार मीटर लांब. त्यावर पत्र होतं. पत्र मी उभ्यानेच वाचलं, आणि मग खाली बसले.

*

बदरुद्दीन चाचा पीली कोठीच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांच्याकडचा हातकरघा, म्हणजे हातमाग, त्या गल्लीतला शेवटचा. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून ते बसतात आणि छातीसमोर कापड विणलं जातं, तेही उलटं, मागची बाजू वर. सुलटी बाजू त्यांना स्वतःला कापड उतरवल्यावरच दिसते. करघ्याच्या डोक्यावर जाला टांगलेला असतो. नक्षी कागदावर नसते, ती त्या जाल्यातल्या हजारो गाठींमध्ये बांधलेली असते. कुठली दोरी ओढली की कुठला ताणा उचलला जाईल, ते त्या गाठी सांगतात. चाचांच्या जाल्यात डाळिंबं होती. तो त्यांच्या वडिलांच्या वेळी बांधलेला. बांधणारा गेला, आणि ती डाळिंबं पुन्हा बांधू शकेल असं आता कुणी त्यांच्या माहितीत नाही.

शेजारच्या दोन खोल्यांत त्यांचा मुलगा शकील याचे पॉवरलूम. दिवसभर खटाखटा. आणि मधल्या भिंतीला कान लावून बसल्यासारखे चाचा.

जानेवारीत त्या दुकानाच्या कारागिरी विभागाच्या हायाशी-सान बनारसला आल्या आणि युनिव्हर्सिटीतल्या माझ्या जुन्या सरांनी दुभाषी म्हणून माझं नाव दिलं. केयूर तेव्हा पाच महिन्यांचा. त्याला ठेवायचं कुठे? घेऊनच गेले. चाचा दारात उभे होते. म्हणाले, "अरे पंडिताइन, दुभाषिया एक बोले थे, तुम तो दो लाई हो. ये वाला कौन सी भाषा जानता है?"

"अभी तो सिर्फ़ रोने की," मी म्हटलं.

"वो तो हमको भी आती है."

हायाशी-सान पन्नाशीच्या, बारीक, करड्या कपड्यातल्या. खड्ड्याच्या काठाशी त्या गुडघे टेकून बसल्या त्या सव्वा तास उठल्या नाहीत. चाचा विणत होते, मी मधूनमधून काहीतरी सांगत होते, पण त्यांना माझी फारशी गरज नव्हती. शेवटी त्यांनी एका पूर्ण झालेल्या तुकड्याची मागची बाजू बोटाने चाचपली आणि एकच वाक्य बोलल्या. मी ते चाचांना सांगितलं: "म्हणतायत, ज्याने मागची बाजू एवढी नीट ठेवली त्याला पुढची बघायची गरजच नसेल."

चाचा गमछ्याने चष्मा पुसत राहिले.

ठरलं ते असं. चाचांनी एक ओबी विणायचा, हस्तिदंती रेशमावर रुपेरी जरीची वेल, वेलीवर डाळिंबं, डाळिंबात लाल दाणे. दुकानाच्या शरद ऋतूतल्या प्रदर्शनात तो मांडला जाईल. पसंत पडला, तर दर वर्षी पाच. पाच ओबींवर एक हातकरघा बारा महिने चालतो. शकीलने दारातूनच ऐकलं आणि म्हणाला, "ठीक है अब्बा. दिवाली तक रुकता हूँ. जापान ने हाँ किया तो कमरा आपका. नहीं तो मेरी दो मशीनें बाहर बरामदे में जंग खा रही हैं."

"और हम?"

"आप मशीन देखिएगा. बैठ के. पंखे में."

चाचांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "देखा? लड़का हमको पंखा दे रहा है."

अडीच महिने लागले विणायला. मी दर पंधरा दिवसांनी फोटो काढून पाठवत होते. चाचा त्या दुकानाला "बडकी दुकान" म्हणायचे. "बडकी दुकान का कोई चिट्ठी?" हे त्यांच्या फोनचं पहिलं वाक्य असे. सलाम दुसरं.

*

ऑगस्टमध्ये कापड घेऊन चाचा स्वतः आमच्याकडे आले, कारण कुरियरचे फॉर्म मी भरणार होते. नळीवर गुंडाळलेलं, वर मलमल. पार्सल शुक्रवारी जायचं होतं आणि शुक्रवारी केयूरचा पहिला वाढदिवस होता.

सकाळी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पाट मांडला, हळदीकुंकवाचा करंडा आणि पाण्याची वाटी शेजारी ठेवली. केयूरचं नवं झबलं माझ्या मांडीवर होतं. नवीन कापड अंगाला लावायच्या आधी त्याच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावायचं, हे मला कुणी कधी शिकवलं नाही. माझी आई लावायची, आजी लावायची. पुण्यात लावतात, नागपुरात लावतात, आणि दोनशे वर्षं काशीत राहूनही आमच्या गल्लीतली घरं लावतात. शाळेच्या गणवेशाला लावतात. पंच्याला लावतात. माझ्या नवऱ्याने, निमिषने, बँकेच्या इंटरव्ह्यूसाठी घेतलेल्या शर्टालाही आईंनी लावलं होतं आणि तो दिवसभर शर्ट आत खोचून बसला होता.

मी अनामिका ओली केली, हळद घेतली, कुंकू घेतलं, झबल्याच्या कोपऱ्याला टेकवलं.

ओबी शेजारीच सतरंजीवर होता. दुकानाने एक छोटी कापडी पट्टी पाठवली होती, विणकराचं नाव लिहून ती टोकाला टाचायची होती, म्हणून मी हातभर कापड उलगडून ठेवलं होतं. माझं बोट अजून ओलं होतं.

मी नकळत लावलं असं म्हणणं सोपं जाईल. पण मला कळत होतं. मी त्या पांढऱ्या कापडाकडे बघितलं आणि मला वाटलं, एवढ्या लांब चाललंय, एकटं. कुणी ओळखीचं नाही तिथे. बाळाला बाहेर नेताना तीट लावतात तसंच काहीसं मनात आलं. मागच्या बाजूला, अगदी टोकाच्या कोपऱ्यात, जो भाग बांधताना आत दुमडला जातो, तिथे बोट टेकवलं. जोंधळ्याच्या दाण्याएवढं. मी त्या दुकानात उभी राहिलेली बाई. तिथली माणसं कागदाची घडी एका केसाने चुकली तर पुन्हा घालतात, हे डोळ्यांनी बघितलेली. मला तो डाग वाटलाच नाही. पट्टी टाचली, कापड गुंडाळलं, केयूरला झबलं घातलं, आणि औक्षण करताना त्याने निरांजनाला हात घातला म्हणून सगळे ओरडलो आणि मग हसत सुटलो, ते हसू अजून माझ्या कानात आहे.

बनारसचा ऑगस्ट. भिंतींना पाणी सुटतं, पापड हातात मऊ होतात. मी त्या खोक्यात ओलावा शोषणारी पुडी टाकली नव्हती. विसरले नव्हते, मला माहीतच नव्हतं.

*

पत्र मर्यादेने लिहिलेलं होतं, इतकं की पहिल्या पानावर नुसते आभारच होते. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की ओबी उलगडल्यावर टोकाला एक लाल डाग दिसला. गुंडाळीत तो ओलाव्याने थरांमधून झिरपला असून पुढच्या बाजूला चार ठिकाणी उमटला आहे, प्रत्येक पुढचा आधीच्यापेक्षा फिका. त्यांच्या जाणकारांनी तीन आठवडे प्रयत्न केला. बहुधा डाळिंबाच्या दाण्यांचा लाल रंग सुटला असावा. रंगाची खात्री नसलेली वस्तू दुकान ग्राहकासमोर ठेवू शकत नाही, म्हणून हा ओबी प्रदर्शनात घेता येत नाही आणि पुढची मागणीही नोंदवता येत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. विणकाम स्वतः निर्दोष आहे, हे त्यांनी मुद्दाम लिहिलं होतं. आणि खाली एक ओळ: "लाल डागांभोवती फिकट पिवळी कड दिसते. तिचं कारण मात्र आम्हाला समजू शकलं नाही."

मी कापड उलगडलं. कोपऱ्यातल्या डागाभोवती पिवळी कड होती. हळदीची.

केयूर उठून रडायला लागला होता. मी त्याला घेतलं तर त्याने आधी ते पांढरं कापडच मुठीत धरलं. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. आता ते खराब झालं असतं तरी काय बिघडलं असतं? तरी सोडवली.

संध्याकाळी निमिषला सांगितलं. तो म्हणाला, "चाचांना नको सांगूस. परत आलंय ते आलंय. तू सांगितलंस म्हणून दुकान काही ते परत घेणार नाही."

"त्यांना वाटेल त्यांचा रंग कच्चा."

"वाटू दे ना. रंग काय, रंगवणारा वेगळा असतो."

"त्यांचा लाल ते स्वतः रंगवतात, निमिष."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हात पिठाचे. "कशाचा डाग म्हणतायत ते लोक?"

"कुंकवाचा, आई."

"कुंकवाला डाग म्हणतात?" त्या खरोखरच चकित झाल्या होत्या. "मग ते लग्नात काय लावतात?"

मला हसू आलं आणि हसताहसताच रडू आलं, आणि आईंना वाटलं मी त्यांना हसले. त्या रात्री माझ्याशी बोलल्या नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी मैदागिनहून टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा, करून मी पीली कोठीला गेले, केयूर कडेवर, खोका पिशवीत. चाचांनी खोका बघितला आणि त्यांना कळलंच. तरी म्हणाले, "पढ़ो बिटिया. जैसा लिखा है वैसा. मीठा मत करना."

मी वाचलं. जसं लिहिलं होतं तसंच वाचलं. फक्त पिवळ्या कडेची ओळ वाचली नाही.

"लाल छूटा?"

"लिखा है, शायद."

"हमारा लाल?"

त्यांनी कापड अंगणात उन्हात नेलं. चार डाग एकेक करून बघितले. कोपऱ्यातला पाचवा त्यांनी फार वेळ बघितला, मग चष्मा काढून बघितला, मग बोटाने चाचपला. मी दारात उभी होते. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत होते. त्यांनी विचारलं नाही. मला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

घरी येऊन मी हायाशी-सानना लिहिलं. केयूरच्या झोपेच्या वेळात, तीन दुपारी लागल्या ते पत्र लिहायला, कारण जपानीत क्षमा मागायच्या पायऱ्या असतात आणि मला सगळ्यात खालच्या पायरीवर उभं राहायचं होतं. सगळं लिहिलं. वाढदिवस, झबलं, करंडा, माझं बोट. लिहिलं की आमच्याकडे हे रक्षणासाठी लावतात. लिहिलं की विणकराला यातलं काही माहीत नाही, त्याचा रंग पक्का आहे, मी तो उकळत्या पाण्यात पाहिलाय. हे शेवटचं तेव्हा खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी खरं झालं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचांचा फोन आला म्हणून गेले. अंगणात चार भांडी मांडलेली. एकात गरम पाणी, एकात गार, एकात मीठ, एकात साबण. प्रत्येकात त्यांच्या लाल रेशमाची एकेक लड. शेजारी पांढऱ्या चिंध्या वाळत घातलेल्या.

"देखो बिटिया," ते म्हणाले. "तुम्हारी आँख जवान है. पानी में लाल दिखता है?"

मी वाकून बघितलं. चारही भांड्यांत पाणी नितळ होतं. तळातली नक्षीसुद्धा दिसत होती.

"साफ़ है चाचा. बिलकुल साफ़."

"ठीक से देखो."

"क़सम से, साफ़ है."

त्यांनी मान हलवली. "तुम हमारा दिल रख रही हो."

केयूर एका भांड्यात हात घालायला धडपडत होता. शकील दाराशी उभा राहून फोनवर कुणाशी तरी बोलत होता आणि आमच्याकडे बघत होता. मी म्हणाले असते. तोंड उघडलंसुद्धा. पण मनात दुसरंच चाललं होतं. हायाशी-सानचं उत्तर येऊ दे. त्या म्हणतील, बरं झालं कळवलंत, आम्ही पुन्हा विचार करतो. मग मी चाचांकडे येईन आणि माझी चूक आणि त्यांची मागणी, दोन्ही एकाच वेळी त्यांच्या हातात ठेवीन. नुसती चूक घेऊन कसं जायचं? रिकाम्या ताटातून वाढल्यासारखं.

"दो-चार दिन रुकिए चाचा," एवढंच म्हटलं. "मैंने उनको फिर लिखा है."

"क्या लिखा?"

"यही, कि रंग पक्का है."

"उनको क्या पता. उनके पास तो कपड़ा है, हमारे पास जबान." त्यांनी चिंध्या गोळा केल्या, एकेक उन्हाकडे धरून पुन्हा बघितली. "पैंतीस बरस से यही लाल है. हो सकता है पैंतीस बरस से छूट रहा हो. अपने यहाँ कौन बोलता है?"

मग केयूरला ताप आला. दात येत होते. चार दिवस तो मांडीवरून उतरला नाही. मी एका हाताने फोन बघायची, पत्र आलं का. येत नव्हतं. चाचांचे फोनही थांबले होते. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं.

*

उत्तर नवव्या दिवशी आलं, दुपारी पावणेदोनला. केयूरचा ताप उतरला होता आणि तो घामाने भिजून शांत झोपला होता.

हायाशी-साननी लिहिलं होतं की कारण समजल्याने त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. रंग पक्का आहे हे त्यांनी वरिष्ठांना कळवलं आहे, विणकराला तसं अवश्य सांगावं. कोपऱ्यातल्या त्या खुणेबद्दल त्यांनी दोनदा वाचलं आणि आपल्या आजीची त्यांना आठवण झाली. परंतु प्रदर्शनाची मांडणी पूर्ण झाली आहे, यादी छापली गेली आहे. आणि पुढच्या मार्चपासून किमोनोचा मजला अर्धा होणार असून उरलेल्या अर्ध्यात प्रसाधनं येतील. बाहेरच्या कारागिरांचं हे शेवटचंच प्रदर्शन होतं. त्या स्वतः त्याच महिन्यात निवृत्त होत आहेत.

म्हणजे एकच दार होतं, एकदाच उघडणार होतं.

मी केयूरला झोपेतच उचललं, खांद्यावर टाकलं. आई म्हणाल्या, "अगं, आत्ता कुठे ताप उतरलाय त्याचा." मी म्हटलं, "येते लगेच," आणि निघाले. आता जवळ फक्त चूक होती आणि एक चांगली ओळ: रंग पक्का आहे. तेवढी ओळ तरी त्यांच्यापर्यंत पोचवायची होती.

गल्लीत शिरल्यावरच आवाज वेगळा वाटला. जास्त दाट. चाचांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत खड्डा नव्हता. तिथे विटांचे तुकडे दाबून वर सिमेंट ओतलेलं होतं, आणि त्यावर दोन पॉवरलूम चालू होते. करघ्याची लाकडं बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकवलेली. त्यांच्या पायाशी एक गोणी होती, तोंड उघडं. आत दोऱ्यांचा गुंता. कापलेल्या दोऱ्या. मला एक क्षण कळलं नाही ते काय आहे. मग एक गाठ दिसली, मग हजार दिसल्या.

चाचा दोन मशीनच्या मधे स्टुलावर बसले होते. डोक्यावर पंखा होता. सुटलेला धागा जोडत होते. मला बघून त्यांनी हात वर केला.

"चाचा!"

त्यांनी कानाला हात लावला. काही ऐकू येत नव्हतं.

"चाचा, रंग पक्का था!"

"क्या?"

केयूर जागा होऊन किंचाळायला लागला. मी त्याच्याही वरच्या आवाजात ओरडले, "रंग नहीं छूटा था! वो दाग मैंने लगाया! कुंकू! सिंदूर! मेरे हाथ से लगा!"

शकीलने दुसऱ्या टोकाचं बटण दाबलं. दोन्ही मशीन थांबली. माझं शेवटचं वाक्य त्या शांततेत एकटंच उरलं. मग मी हळू आवाजात सगळं सांगितलं. झबलं, करंडा. पिवळी कड, जी मी वाचली नव्हती. दुसरं पत्रही वाचून दाखवलं. काही गाळलं नाही, मार्चपर्यंतचं सगळं.

शकील म्हणाला, "भाभी, ये तो आप छह रोज पहले भी बोल सकती थीं. अब्बा ने तो खुद कहा, करघा खोल दो. हम तो दिवाली तक रुके थे." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने गोणीकडे बघितलं आणि मान वळवली.

चाचा अजून हातातला धागा धरून होते. म्हणाले, "कौन सी उँगली?"

मी अनामिका पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली नाही, फक्त बघितली. आपल्या पोरीची जखम बघावी तशी, जवळून, चष्म्याच्या खालून.

"बच्चे को भी यही लगाया था?"

"जी."

"उसी दिन?"

"उसी दिन. उसको पहले, फिर..."

त्यांनी मान डोलावली. मग स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. निळ्या शिरा, लाल रंगाने कायमची माखलेली नखांची मुळं.

"हम नौ दिन इनको देखते रहे, बिटिया," ते म्हणाले.

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. मी खोका पुढे केला तर त्यांनी हात हलवला. "ले जाओ. इस घर में अब रखने की जगह नहीं है." ते त्यांनी टोचून म्हटलं नव्हतं. खरंच जागा नव्हती. मग त्यांनी शकीलला खूण केली आणि मशीन पुन्हा सुरू झाली, आणि त्यानंतर ते काही बोलले असतील तर मला ऐकू आलं नाही.

*

ओबी माझ्या कपाटात सगळ्यात वर आहे, त्याच कागदात, त्याच घड्यांवर बांधलेला. मला त्यांच्यासारखा बांधता येत नाही. तिसऱ्या घडीला कागद फुगतो.

दिवाळीत आईंनी केयूरचा नवा कुडता पाटावर ठेवला आणि करंडा माझ्याकडे सरकवला. माझा हात मांडीवरून उठला नाही.

"अगं लाव ना. कावळा शिवलाय का?"

"तुम्हीच लावा, आई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बोट ओलं करून हळद लावली, वर कुंकू. केयूरला कुडता घातल्याबरोबर त्याने तो कोपरा शोधून काढला. बोट घासलं, ते माझ्या गालाला लावलं, फरशीला लावलं, स्वतःच्या गुडघ्याला लावलं. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून हसला, नवे चार दात दाखवत. आई म्हणाल्या, "बघ, सगळ्या घराला लावतोय."

दुपारी तो झोपल्यावर मी कुडता धुवायला घेतला. सुती होता. कुंकू पहिल्याच पाण्यात निघून गेलं. पिवळी कड तेवढी राहिली.